पांडव तान्हेले हायत

"पाणी आणलंय का?" रामराम नाही, कुठले तुम्ही नाही, आगाशिवच्या डोंगराच्या पायथ्याशी मेजरांचा पहिला सवाल हाच. आमच्याकडे फौजेतून परतलेला प्रत्येक जण मेजरच, मग त्यानं तिकडे जन्मभर ट्रक का चालवलेला असेना! कराडची लेणी तुम्ही पाहिली असतील, तर या गृहस्थांनी तुम्हालाही गाठलं असणारच.

"बाटलीतलं प्यायचं न्हाई, वर जाऊन वतायचं. लय जुनी रीत हाय. पांडव तान्हेले हायत."

चढ छातीवरचा, ऊन डोक्यावर, आणि यांचा हा हुकूम! पुण्यामुंबईची माणसंसुद्धा निमूट पाळायची. लेण्याच्या दाराशी कातळात एक खळगा होता. ती म्हणे भीमाची वाटी. पाणी तिच्यात ओतायचं.

मेजरही रिकाम्या हातानं मागोमाग चढून यायचे. तिथं एकदा एका प्राध्यापकांनी त्यांना अडवलंच. "अहो, ही बौद्ध लेणी आहेत. पांडवांचा काय संबंध?"

"व्हय की," मेजर म्हणाले. "मग भिक्खूंला तान लागत न्हाई व्हय? वता."

प्राध्यापकांनी ओतलं. मी तोंडात रुमाल कोंबला.

मी सांगलीहून अधूनमधून जायचो. नको तिथं डोकवायची मला खोडच. एकदा वाटीतलं पाणी जातं कुठं, ते बघायला कडेनं वाकलो. वाटीतून एक चर निघाला होता, आणि कातळाआड त्याच्या टोकाला करंजाचं रोप. गुडघ्याएवढं, हिरवंगार.

"बोंबलू नगा गड्या," मेजर कुजबुजले. आधीची सगळी रोपं उन्हानं करपली होती. "कारभारीण म्हणती, उघड्या डोंगरावर तुमच्या हातनं झाड जगलं, तर त्याच्या सावलीत बसवून तुमाला जेवाया वाढीन. पैज हाय. गुडघा माझा रिटायर झालाय, ओझं घिऊन चढवत न्हाई. पण तिला सांगितलंय, पाणी मीच नेतो म्हणून."

मी तोंड शिवलं. उलट दोन बाटल्या नेऊ लागलो.

मध्ये काही वर्षं जाणं झालं नाही. मग मेजर गेल्याचं कळलं. वाईट वाटलं, फार वाटलं. यंदा उन्हाळ्यात मुद्दाम वर गेलो. करंज चांगला डेरेदार झाला होता. खाली एक म्हातारी भाकरीचं फडकं सोडून बसली होती.

"आवं, पाणी आणलंय का?"

मी ओळख सांगितली. त्या हसल्या. "पैज हरले मी. हितंच वाढलं त्यास्नी, पिठलं-भाकरी. दोनदा मागून घेतलं."

"पाणी कोण आणायचं, ते..."

"त्या गुडघ्यानं? पहिल्यापासनं ठावं हुतं मला."

"पण मावशी, आता झाड मोठं झालंय. पाणी कशाला?"

"झाड जगलं वं," त्या बुंध्यावर हात ठेवून म्हणाल्या. "आता त्यांची थाप जगवाया नको?"

घसा कोरडा पडला होता. तरी बाटली भीमाच्या वाटीत पालथी केली.