गाडीचा जीव

यंदा दसऱ्याला पूजेसाठी मुलाच्या नव्या गाडीचं बॉनेट उघडलं. कुंकवात पेट्रोलचा वास मिसळला आणि पन्नास वर्षांपूर्वीचं जळगावातलं एक अंगण आठवलं.

केळीच्या व्यापाऱ्याच्या मुलाने जुन्या गाडीचं छप्पर कापून, दोन कार्बोरेटर बसवून तिची रेसची गाडी केली होती. दसऱ्यानंतर ती मिसिंग मारू लागली, झटके देत चालायची. मी तेव्हा मेकॅनिक; दोन दिवस प्लग बदलले, कॉइल बदलली, वाकून वाकून कंबर मोडली. शेवटी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, तर पॉइंटमध्ये कुंकू! ठिणगी पडणार कशी?

"कोणाचा हा गाढवपणा?" मी ओरडलो.

दारातून त्या मुलाची आई, अक्का, हळूच म्हणाली, "भाऊ, तूच सांगेल व्हतं, गाडीना जीव आठे शे. पोऱ्या भलता जोरमा चालाडस. म्हनीसन जीवलेच कुंकू लावं."

मागे एकदा हेच झाकण उघडून 'गाडीचा जीव इथे आहे' असं मीच तिला म्हणालो होतो. मी पेट्रोलच्या फडक्याने ते पुसून टाकलं. पहिल्या सेल्फला गाडी गुरगुरली. अक्काच्या चेहऱ्याकडे मी बघितलंही नाही.

आता माझा मुलगा रोज धुळ्याच्या हायवेने भरधाव जातो. बोटाला कुंकू लावून मी उभा, आणि बॉनेटखाली सगळं काळ्या प्लास्टिकने झाकलेलं. अक्का, जीव कुठे आहे, तेच सापडत नाही.