जर्नल आत, गाव बाहेर

कोल्हापूरच्या स्टँडवर एसटीच्या टपावर सायकल चढवताना कंडक्टरने विचारलं, "शर्यतीला काय?" मी हो म्हटलं. "आणि कॉलेज?" तेही आहे म्हटलं. सोमवारी वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा, शनिवारी मालवण ते जामसंडे आणि परत अशी सायकल शर्यत, आणि या दोन्हींना एकाच वेळी होकार देणारी शहाणी मी. कंडक्टरने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं.

बरोबर माझी वर्गमैत्रीण नसरीन होती. तिचं गाव मालवणच्या उत्तरेला, खाडीकाठी. शर्यतीचा रस्ता तिच्या घरासमोरूनच जातो, म्हणून मुक्काम तिच्याकडे. गगनबावड्याचा घाट उतरताना माझ्या कानांना दडे बसले आणि नसरीनने त्याच वेळी एक बातमी दिली. उद्या गावपळण. म्हणजे अख्खं गाव तीन दिवस शिवेबाहेर जाऊन राहणार. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. दर काही वर्षांनी देव तसं सांगतो आणि गाव निघतं. मला वाटलं ती थट्टा करतेय.

शुक्रवारी पहाटे मी रस्ता बघायला बाहेर पडले. खाडीवर उतरायचं, पूल ओलांडायचा, पुन्हा चढायचं, हे इतक्या वेळा की पायांनी मोजणं सोडलं. पण प्रत्येक चढाच्या माथ्यावर समुद्र असा काही समोर येई की मी शिव्या द्यायचं विसरून जाई. मिठबावच्या पुढे जांभ्याचा कातळ, त्यावर वाळलेलं सोनेरी गवत, आणि खाली निळं पाणी. आम्ही घाटावरची माणसं. एवढं पाणी एकदम दिसलं की आम्हाला काय करावं कळत नाही. मी सायकल आडवी टाकली आणि नुसती बसून राहिले.

त्यामुळे परतायला उशीर झाला. देवळातला ढोल वाजून गेला होता आणि गाव निघालं होतं. डोक्यावर टोप-भांडी, काखेत कोंबड्या, टेम्पोत म्हातारी माणसं, मागे बकऱ्या. नसरीनचे वडील, मासळीचा धंदा करणारे करीमकाका, अंगणातून ओरडले, "गो पोरी, बेगीन! सगळा घेतलंस मां?"

मी सगळं घेतलं. पंप घेतला, दोन ट्यूब घेतल्या, चेनचं तेल घेतलं. काकांनी दाराला कडी घातली. कुलूप नाही. या तीन दिवसांत कुणीच लावत नाही म्हणे.

शिवेवरच्या व्हाळाच्या (ओढ्याच्या) पलीकडे झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या होत्या. शेजारच्या झोपडीत देवळाचे मानकरी, म्हणजे पूजेचा मान असलेल्या घरातले तात्या. नसरीनच्या आईने तीन दगडांच्या चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या, निखाऱ्यावर खारा बांगडा टाकला आणि त्या वासाने तात्यांच्या घरची मांजरं आमच्याकडे राहायला आली. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिसरी घेणार, एवढ्यात नसरीनने अभ्यासाला आपलं जर्नल काढलं.

माझं जर्नल घरात होतं. पहाटे पाठीवरचं ओझं कमी करायला मी ते पिशवीतून काढलं होतं आणि पडवीतल्या खिडकीत ठेवलं होतं. सायकलवाल्यांची ही खोडच. पाव किलो वाचला की आम्हाला स्वर्ग दिसतो. वर्षभराच्या आकृत्या, प्रत्येक पानावर आमच्या सरांची सही.

सरांना फोन लावला. ते म्हणाले, "बाहेरचे परीक्षक जर्नलशिवाय बसू देत नाहीत. वर्ष जाईल तुझं." मग मला काही आवरलं नाही, रडलेच.

करीमकाका शेजारी येऊन बसले. "माझ्या आयक, बाय. तू पावणी. तुका कोण अडवूचो नाय. कडी काड आणि घेवन ये."

"तुम्ही जाल का आत, काका?"

"मी नाय जावचंय." ते हसले. "आमी नमाज पढणारी माणसा, पण गाव सगळ्यांचो. गाव भायर पडता तेवा आमीव भायर. माझो आजोव असोच पडलो. तीन दिस थंय माणूस नसता. तुका काय करूचा ता तू ठरव."

तात्याही मान हलवून म्हणाले, "पोरीचा वरीस आसा. ती गेली तर आमी कोण काय बोलूचो नाय."

माझं ठरलं. हमरस्त्यावरून गाड्या जातात, फक्त थांबत नाहीत. शर्यतही तिथूनच जाणार. परतीच्या वाटेवर थांबायचं, कडी काढायची, जर्नल उचलायचं. अर्धं मिनिट.

शनिवारी शर्यत सुटली. जाताना आम्ही घोळक्याने गावातून गेलो, काही दिसलंच नाही. जामसंड्याला वळलो तेव्हा मी चौथी होते, आणि कुणकेश्वरच्या चढावर पुढच्या तिघी नजरेच्या पार गेल्या. मागच्याही दिसत नव्हत्या. गावात मी एकटी शिरले.

इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. कोंबडा नाही, कुत्रं नाही, पंपाची घरघर नाही, कुणाच्या कुकरची शिट्टी नाही. माझ्या चेनचा आवाज मलाच मोठा वाटायला लागला. देऊळ बंद, मशीद बंद, दुकानाच्या फळ्या लावलेल्या. दोरीवर एक कपडा नाही. रस्त्याच्या मधोमध मोर उभा होता आणि तो बाजूला झाला नाही. मीच झाले.

नसरीनच्या घरापाशी थांबले. अंगणात वानरं बसली होती, दहा-बारा तरी. एक पिल्लू काकांच्या खुर्चीत. पडवीत मुंगूस निवांत फिरत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि कुणीच पळालं नाही. खिडकीच्या गजांमागे माझ्या जर्नलची निळी कड दिसत होती. फाटकापासून दहा पावलं.

मी फाटकावर हात ठेवला. पाय उचलेना. भीती नव्हती ती. देव रागावेल असंही मनात नव्हतं, मी तेवढी भाविक नाही. पण शेकडो माणसं आपलं भरलेलं घर नुसती कडी घालून सोडून गेली होती आणि ती जागा खरोखरच दुसऱ्या कुणाची तरी झाली होती. तिथे मी बूट वाजवत जायचं? मला माझीच लाज वाटली. डोळे भरून आले. किती वेळ उभी होते ते माहीत नाही. मागून दोघी जणी सपाट्याने पुढे गेल्या, त्यातली एक ओरडली, "पंक्चर काय?"

मी नाही म्हटलं आणि सायकलवर बसले. शर्यतीत सहावी आले. जर्नल खिडकीतच.

एकच आशा उरली होती. तात्यांनी सांगितलं होतं, रविवारी आत न जाता शिवेवरूनच देवाला कौल लावायचा. देवाने होकार दिला की गाव परत आत. जर्नल घेऊन दुपारची एसटी मला मिळाली असती. रविवारी सकाळपासून मी व्हाळाच्या काठी बसून होते. तात्या आणि आणखी दोघे कौल घेऊन परत आले, आणि ते बोलायच्या आधीच मला कळलं.

"आजचो दिस नाय," तात्या म्हणाले. "फाल्या (उद्या) परत इचारूया." गावाने मान डोलावली आणि चुली पुन्हा पेटल्या. कुणी कुरकुर केली नाही. करीमकाकांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला. नसरीनच्या आईने वाटेसाठी घावणे (तांदळाची धिरडी) बांधून दिले आणि आम्ही दोघी एसटीने घाट चढून परत आलो. गाडीत नसरीन उजळणी करत होती. मला मात्र डोळे मिटले की खुर्चीतलं ते पिल्लू दिसायचं.

सोमवारी प्रयोगशाळेच्या दारात बाहेरच्या परीक्षकांनी हात पुढे केला. मी जर्नल नाही म्हटलं आणि सगळं सांगितलं. सर खाली बघत होते. परीक्षकांनी चष्मा काढला.

"दाराला कुलूप नव्हतं?"

"नाही, सर."

"मग घ्यायचं होतं की. कुणी बघितलं असतं?"

"कुणीच नाही. गावात कुणी नव्हतंच."

"मग?"

"म्हणूनच नाही घेता आलं, सर."

त्यांनी चष्मा परत लावला. मग त्यांनी यादीत माझ्या नावापुढे जर्नलच्या गुणांच्या जागी शून्य लिहिलं आणि पलीकडच्या टेबलाकडे बोट दाखवलं. "बस. तिसरा मायक्रोस्कोप तुझा."