वाऱ्यासकट खेळणारी

फोन आला तेव्हा मी लातूरला आमच्या शाळेच्या व्हरांड्यात होते, प्रार्थनेसाठी पाचवीच्या मुलींची रांग लावत. फोन जावेदचा होता, शकीलाच्या धाकट्या भावाचा. एरवी तो आधी माझ्या तब्येतीचं विचारतो, मग ह्यांचं, मग मुलांचं. त्या दिवशी नुसतं म्हणाला, "ताई, आपा गेली." मी बरं म्हटलं... आणि रांग सरळ करत राहिले. तिच्या दोन्ही किडन्या कधीच्याच थकल्या होत्या, डायलिसिस चालू होतं, तेव्हा हा फोन कधीतरी येणार हे ठाऊक होतं. पण ठाऊक असलेली गोष्टसुद्धा अंगात उतरायला वेळ घेते. प्रार्थना संपल्यावर मुख्याध्यापकांना सांगून निघाले, मिळाली ती बस धरली, तरी नांदेडला पोचेपर्यंत दफन होऊन गेलं होतं. घरात बायका बसलेल्या होत्या. शकीलाच्या अम्मीनं माझा हात धरला आणि "तेरी साथवाली गई गे" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. नांदेडच्या ज्येष्ठ बॅडमिंटनपटू आणि क्रीडाशिक्षिका शकीला बेगम यांचे निधन. ते वाचून मला रडू यायच्या ऐवजी थकवा आला. जन्मभर तिनं लोकांना सांगितलं की मी बॅडमिंटन नाही खेळत, बॉल बॅडमिंटन खेळते. शेवटची बातमीही चुकीच्याच खेळावर छापून आली. म्हणून आज इतक्या आठवड्यांनी हे लिहायला बसले आहे.

आमची गाठ पडली ती नांदेडच्या कॉलेजात. मी हिमायतनगरकडची, शेतकऱ्याची मुलगी, उंच आणि अंगानं दांडगी, हॉस्टेलवर राहायची आणि कुणाशी फारसं बोलायची नाही. मैदानाच्या कडेनं जाताना एका बारीक, सावळ्या मुलीनं मला अडवलं. पूर्ण बाह्यांचा सलवार-कुर्ता, ओढणी खांद्यावर पिन लावून पक्की केलेली, हातात रॅकेट. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, खेळतीस का? मी म्हटलं, मला काही येत नाही. ती म्हणाली, येत न्हाई ते चांगलं हाय, चुकीचं शिकलेलं न्हाई मग काही. माझ्या हातात तिनं चेंडू ठेवला. पिवळ्या लोकरीचा, लिंबापेक्षा थोडा मोठा, हाताला ऊबदार लागणारा. मला तो खेळण्यातला वाटला.

हा खेळ उघड्या मैदानात, एका बाजूला पाच जणी असा खेळतात. चेंडू जमिनीला टेकू द्यायचा नाही, एका फटक्यात जाळीपलीकडे घालायचा. एवढं सांगितलं तर कुणालाही कळतं. कळत नाही ते वाऱ्याचं. बॅडमिंटनच्या शटलला भिंतींच्या आत ठेवतात, क्रिकेटच्या चेंडूला वाऱ्याची फारशी पर्वा नसते. हा लोकरीचा गोळा मात्र वाऱ्यात बहकतो. मारला इकडे तर जातो तिकडे. बाकीच्या आम्ही त्या वाऱ्याला शिव्या द्यायचो. शकीला मैदानात उतरली की आधी ओढणीचं टोक हातात धरून हवा बघायची आणि म्हणायची, वाऱ्याला आपल्यातलीच एक समज, त्याच्यासाठी जागा सोड. ती मधल्या जागेवर, सेंटरला खेळायची. चेंडू जिथं दिसायचा तिथं ती कधीच जायची नाही, तो जिथं येणार असायचा तिथं आधीच उभी असायची. ते बघण्यासाठी मी हा खेळ खेळले, असं आज प्रामाणिकपणे म्हणावंसं वाटतं. मला स्वतःला तो बेताचाच यायचा.

तिच्या अब्बांचं जुन्या गावात गादी-रजईचं दुकान होतं. दिवसभर कापूस पिंजून त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. मुलगी मैदानात खेळते याबद्दल बिरादरीतले लोक दुकानात येऊन बोलून जायचे. अब्बा ऐकून घ्यायचे, हो-ना काहीच म्हणायचे नाहीत. घरी शकीलाला मात्र ते त्याबद्दल एक अक्षर विचारत नसत. जिंकलीस का, हरलीस का, काही नाही. त्यांना आवडत नाही पण मना करवत नाही, असाच आम्ही अर्थ काढला होता.

राज्य स्पर्धेची अंतिम लढत त्या वर्षी लातूरला होती. उन्हाळा तोंडावर आलेला, दुपारी मैदानावर धुळीच्या वावटळी उठत होत्या. समोरचा संघ पुण्याकडचा, बंदिस्त हॉलमध्ये सराव केलेला, सगळ्यांच्या पायात एकसारखे बूट. पहिला डाव आम्ही हरलो. पाणी प्यायला कडेला आलो तर कुंपणापाशी एक म्हातारा सायकल धरून उभा... शकीलाचे अब्बा. नांदेडहून कशाच्या तरी टेम्पोत सायकल टाकून आले होते. मी तिला सांगायला वळले तर त्यांनी मला हातानं थांबवलं. म्हणाले, "मी आलो म्हणून सांगू नको. हवा मघाशी फिरली, एवढंच सांग तिला." मी तेवढंच सांगितलं. तिनं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं, कारण हवेचं मला कधीच कळत नसे. मग तिनं कुंपणाकडे पाहिलं आणि जागेवर जाऊन उभी राहिली. पुढचे दोन्ही डाव आम्ही घेतले. पुण्याच्या मुली चेंडूमागे धावून धावून दमल्या. ढाल घेऊन बाहेर आलो तेव्हा अब्बा निघून गेलेले होते. दुकान बंद ठेवून आलो म्हणून लवकर गेलो, असं त्यांनी नंतर जावेदला सांगितलं.

पुढं राष्ट्रीय स्पर्धेत आम्ही पहिल्याच सामन्यात तमिळनाडूकडून साफ हरलो. परत येताना सगळ्या जणी झोपल्या होत्या, शकीला मात्र खिडकीशी जागी होती आणि त्यांच्या सेंटरच्या मुलीचं मनगट कसं फिरत होतं ते स्वतःच्या हातानं पुन्हा पुन्हा करून बघत होती.

माझं लग्न झालं, मी लातूरला आले, नोकरी लागली, रॅकेट माळ्यावर गेली. शकीलालाही निजामाबादकडचं एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, माणसं समजूतदार. त्यांनी काही मागितलं नाही, फक्त लग्नानंतर मैदान नको म्हणाले. तिनं ते अब्बांच्या समोर बसून नाकारलं आणि अब्बांनीही निरोप धाडताना मुलीचं वय, तब्येत असली कारणं पुढं केली नाहीत. मुलगी मैदान सोडायला तयार नाही, असंच कळवलं. त्यानंतर जी स्थळं येत होती तीही थांबली. ती एका खाजगी शाळेत क्रीडाशिक्षिका झाली. शाळेला क्रिकेट आणि कबड्डी हवी होती. ती ते दोन्ही शिकवायची आणि संध्याकाळी स्कूटीला खांब आणि जाळी बांधून स्वतःचा खेळ शिकवायला निघायची. शाळेच्या पटांगणात बसगाड्यांसाठी शेड उभी राहिली तेव्हा ती एका गोदामामागच्या प्लॉटवर गेली. तिथं बांधकाम सुरू झालं तेव्हा मोठ्या मैदानाच्या एका कोपऱ्यात. तिथल्या क्रिकेटवाल्या पोरांशी रोज जागेवरून वाद. जाळी बांधताना येणारा-जाणारा हमखास थांबून विचारायचा, हे काय खेळून राहिले? ती प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायची. मी दिवाळीत गेले की हे बघायची आणि मलाच थकल्यासारखं व्हायचं.

तिच्याकडे माहूरची एक मुलगी आली, रेणुका. आईवडील गडाच्या पायऱ्यांखाली हार-नारळ विकायचे, मुलगी नांदेडला मामाकडे शिकायला. शकीला फोनवर दुसऱ्या कुणाबद्दल बोलेनाशी झाली. रेणुकाला वारा कळतो, म्हणायची. इतक्या वर्षांत असं तिनं कुणाबद्दल म्हटलं नव्हतं. रेणुका राष्ट्रीय स्पर्धेत खेळली, पदक घेऊन आली. मग तिनं पोलीस भरतीची तयारी सुरू केली तेव्हा कळलं की खेळाडूंसाठीच्या जागांत आमचा खेळ त्या वेळी धरत नव्हते. शकीला या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरली. लोक नीट बोलायचे, बसायला खुर्ची द्यायचे, चहासुद्धा पाजायचे... आणि शेवटी विचारायचे, म्हणजे शटलवालंच ना मॅडम?

एका सकाळी तिचा मला फोन आला. तुझ्या शाळेतले ते हँडबॉलचे सर चांगले हायत म्हणालीस ना, रेणुकाला घेऊन येऊन राहिले. मला वाटलं सहज. दोघी लातूरला आल्या, मी मैदानावर घेऊन गेले. सरांनी रेणुकाला चेंडू दिला, थोडं पळवलं, उड्या मारायला लावल्या आणि त्यांचा चेहरा खुलला. शकीला पायऱ्यांवर बसून बघत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती मुलीला दाखवायला नाही, सोडायला आली आहे. मला राग आला. मी म्हटलं, आयुष्यात एक मुलगी मिळाली तुला तुझ्यासारखी, आणि तिलाच दुसऱ्याच्या हवाली करतेस? तिनं नजर मैदानावरच ठेवली. "पोरगी जगली पाहिजे, सुनंदा. खेळाचं काय, मी हाय न त्याला."

रेणुका लातूरला हॉस्टेलवर राहिली. आधी फार रडली, मॅडमनी मला टाकलं म्हणायची. रविवारी माझ्याकडे जेवायला यायची आणि शकीलाचं नाव काढायची नाही. शकीला मला फोन करून तिच्या खाण्यापिण्याची, गुडघ्याची चौकशी करायची आणि मी विचारलं म्हणून सांगू नको म्हणायची. पुढं रेणुका हँडबॉलमध्ये राज्याकडून खेळली आणि पोलिसात लागली. निकाल लागला त्या दिवशी माहूरला जाण्याआधी ती पेढे घेऊन नांदेडला उतरली. दारात उभं राहून तिनं पेढ्यांचा पुडा पुढं केला. शकीलानं पेढा खाल्ला आणि म्हणाली, संध्याकाळी मैदानावर ये, मधली पोरगी आज आली न्हाई. त्या दिवशी दोघी चेंडू दिसेनासा होईपर्यंत खेळल्या. हे मला रेणुकानं सांगितलं. शकीला फक्त म्हणाली होती, पोरीचा हात थोडा जड झालाय.

तिचं दुखणं सुरू झालं ते कळायला उशीर झाला. पाय सुजायचे, ती ते धावपळीवर ढकलायची. डायलिसिस लागलं, शाळा सुटली, तरी डायलिसिस नसलेल्या मधल्या दिवशी जावेद तिला मैदानावर नेऊन खुर्चीत बसवायचा. माझी तिची शेवटची भेट तिथंच झाली. मुली थोड्याच उरल्या होत्या. दोघीतिघी खो-खोला गेल्या होत्या, एकीचं लग्न ठरलं होतं. आम्ही शेजारी बसलो होतो, तेवढ्यात फिरायला आलेले एक गृहस्थ थांबले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. शकीलानं त्यांच्याकडे पाहिलं, हसली, आणि मान वळवली. मी कसंबसं दोन वाक्यांत सांगितलं. ते गेल्यावर मी विचारलं, बरं वाटत नाही का, घरी जाऊ या? ती म्हणाली, "खेळून न्हाई थकले गं. सांगून सांगून थकले."

समोर मुलींचा चेंडू वाऱ्यानं बाहेर गेला तेव्हा तिचा खुर्चीच्या हातावरचा पंजा नकळत तिकडे सरकला, एवढं आठवतं.

चाळिसाव्याला मी पुन्हा गेले. रेणुका रजा टाकून आली होती, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, बायकांना वाढत होती. मैदानावरची जाळी शकीला गेल्यापासून बांधली गेलेली नाही. मुली आता येत नाहीत. रेणुका म्हणाली, बदली इकडे मिळाली तर बघू. मी हो म्हटलं. तिलाही माहीत होतं, मलाही, की बदली लवकर मिळत नसते.

जेवणं आटोपल्यावर जावेदच्या बायकोनं, नसरीननं, मला वर शकीलाच्या खोलीत पडायला पाठवलं. या खोलीत मी आधी कधी गेले नव्हते, आम्ही कायम खालीच बसायचो. लहानशी खोली, एक खिडकी, कपाट, आणि पलंग खोलीच्या अगदी मधोमध. चालायलाही जागा नाही. नसरीन चादर घेऊन आली तिला मी विचारलं, असा का? ती म्हणाली, आपाला समोरची भिंत मोकळी लागायची, बाकीच्या भिंतींना दार, खिडकी, कपाट. सकाळी उठून तिथं चेंडू मारायच्या. सुजलेल्या हातानं रॅकेट धरवेना तेव्हाही पलंग सरकवू दिला नाही. त्या गेल्यावर आम्ही खोली धुतली आणि पलंग भिंतीला लावला होता, चांगली ऐसपैस जागा झाली होती.

"मग?" मी विचारलं.

नसरीन चादर अंथरत होती. म्हणाली, दुसऱ्या दिवशी ह्यांनी परत मधी ओढला.