हेल्याचं पित्त

हे मी कुणालाच सांगितलं न्हाई. डॉक्टरीणबाईंचं नाव निघालं की तुम्ही उठून का जाता, असं बायको मरेपर्यंत विचारत राह्यली. काही न्हाई, म्हणायचो. आज तुम्हाला सांगून राह्यलो — का आजच? मला बी ठाऊक न्हाई.

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाल्ती. जालन्यातल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी मदतनीस होतो, आणि बाई तिथल्या डॉक्टर. काय बाई होती हो! आतड्यातले जंतू वाढवायचा खुराक — मीडियम म्हणायचो आम्ही — त्यांनी मला हाताला धरून शिकवला. गोठवायला अगर, दुधातली साखर, रंग, आणि पित्त. पित्त कशाला? तर बाकीच्या जंतूंना दाबायला, एका जागी आवरून धरायला. मंग काचेच्या बशीवर रोजचे जंतू लालबुंद ठिपके होऊन उगवायचे, आणि टायफॉइडचे बिनरंगी, पाण्याच्या थेंबांसारखे. बाई बशी उजेडात धरायच्या. "बघ, चोर कसा आपणहून वेगळा बसलाय!" माझ्या अंगावर काटा यायचा. अजून येतो.

मुलांच्या एका बोर्डिंगात टायफॉइड शिरला. व्यवस्थापकांनी बोट दाखवलं गंगूबाईवर. अंबडकडची धनगराची विधवा, तिथं भाकरी थापायची. आजच हाकलतो, म्हणाले. बाई आडव्या आल्या. सगळ्यांच्या शौचाचे नमुने तपासू, बशी काय सांगते ते बघू, तोवर तिला काढायचं नाही. व्यवस्थापक कसेबसे उद्यापर्यंत थांबायला तयार झाले.

आणि नेमकं तयार पित्त संपल्तं. बाईंनी मला कत्तलखान्यातून हेल्याचं, म्हणजे रेड्याचं, ताजं पित्त आणायला धाडलं. मी — कसं सांगू? आमचं घर सोवळ्याचं. माझं लग्न ठरत होतं, मुलीचं घर त्याच रस्त्याला. हातात पित्ताची पिशवी घेऊन कुणी मला बघितलं तर? कोपऱ्यापर्यंत गेल्तो. तिथूनच माघारी फिरलो, आणि मीडियम पित्ताशिवायच शिजवलं. बाई दिवसभर आजारी पोरांच्या उशाशी होत्या. आल्यावर विचारलं, पित्त बराबर टाकलंस ना? हो बाई, म्हणालो. इतकं जल्दी निघालं तोंडातून!

दुसऱ्या दिवशी सगळ्या बशांवर एकसारखी पांढुरकी साय पसरल्ती. कोण चोर, कोण साव — काही ओळखू येईना. बाईंनी एकेक बशी उजेडात धरून बघितली. मंग व्यवस्थापकांपुढं म्हणाल्या, "चूक माझ्या हातची आहे. तपासणी मी पुन्हा करते."

त्यांच्या हातची! मी शेजारीच उभा होतो. एक वाक्य बोलायला काय लागत होतं?

व्यवस्थापक थांबले न्हाईत. गंगूबाईला त्याच दिवशी बाहेर काढलं, सगळ्यांसमोर, तिच्या हाताला रोग आहे म्हणून.

बाई मंग स्वतः कत्तलखान्यात गेल्या. भर रस्त्यानं पित्ताचं भांडं घेऊन आल्या, लुगड्यावर हिरवे डाग, आणि ओळखीचं कुणी भेटलं की हसून बोलत होत्या. काय छाती! राखून ठेवलेले नमुने त्यांनी नव्या बशांवर पसरले. गंगूबाईच्या बशीवर सगळे ठिपके लालबुंद, बिनरंगी एकही न्हाई. ते उगवले बोर्डिंगात पोरांना दूध मापून देणाऱ्या गड्याच्या बशीवर.

बाई मला घेऊन बसनं अंबडला गेल्या, तिथून चालत गंगूबाईच्या भावाच्या वस्तीवर. गंगूबाईपुढं त्यांनी हात जोडले. माझ्या चुकीमुळं तुमचं नाव गेलं, म्हणाल्या. मी बाईंची पिशवी धरून मागं उभा होतो.

"तुमचा काय गुन्हा, बाई? तुम्हीच तर भांडलात माझ्यासाठी," गंगूबाई म्हणाली. "पर आता भाऊजय मला चुलीपाशी बसू देत न्हाई."

मंग तिनं तांब्या भरून आणला. बाई घटाघटा प्यायल्या. तांब्या माझ्यापुढं आला. ते हात साफ आहेत हे मी बशीवर डोळ्यांनी बघितलं होतं, आणि नाव कुणामुळं गेलं हे तिथं फक्त मला ठाऊक होतं.

तहान न्हाई, म्हणालो मी.