डब्याची गाठ

नमस्कार मंडळी. इथले गूढ अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचतो आहे आणि खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसतोही. मी केमिस्ट्रीचा बी.एस्सी. माणूस, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. उमरेडच्या शाळेत आमच्या विज्ञानाच्या सरांनी एक सवय लावली होती... काही विचित्र दिसलं की आधी आपली स्वतःची चूक शोधायची. हे लिहायला इतका उशीर झाला तो त्यामुळेच. चूक शोधत होतो. ती अजून सापडलेली नाही.

कोविडची दुसरी लाट होती. मी आणि माझी माय शहराच्या महाल भागातल्या एका गल्लीत दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो, आजही तिथेच आहोत. आम्ही मूळचे उमरेडचे विणकर. बाबा हातमागावर बसायचे आणि माय त्यांना कांड्या भरून द्यायची, म्हणजे मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात बसवायच्या सुताच्या नळ्या. मी मात्र मागाला हात लावायचा नाही, असा घरचा नियम होता. "तू पुस्तक धर," बाबा एवढंच म्हणायचे. फार बोलणारा माणूस नव्हताच तो. मी बारावीत असताना ते गेले. पुढचं माझं सगळं शिक्षण मायनं दुसऱ्यांच्या मागांच्या कांड्या भरून केलं. म्हणून कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका फूड कंपनीच्या लॅबमध्ये मला कॉन्ट्रॅक्टवर नोकरी लागली, तेव्हा ती माझ्या एकट्याची नोकरी नव्हती. तुम्हाला कळेल मी काय म्हणतो ते.

आणि मायचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. माझा निगेटिव्ह. मी ऑफिसात लगेच कळवलं. उत्तर आलं — घरी बसायचं तर बसा, पण कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होईलच असं सांगता येत नाही. लॅबमध्ये कोणाला माझ्याजवळ बसायचं नव्हतं, ते साहजिकच होतं. मग मला गेटजवळच्या वजनकाट्याच्या केबिनमध्ये एकट्याला बसवलं. ट्रक काट्यावर उभा राहायचा, ड्रायव्हर खिडकीच्या फटीतून कागद सरकवायचा. आत दुसरं कोणी येत नव्हतं. हे लक्षात ठेवा.

घरी मायची खोली आतली. दार बंद. चहा-जेवण मी दाराबाहेर स्टुलावर ठेवायचो. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं की ऑक्सिजन नव्वदच्या खाली गेला की घरी थांबायचं नाही. बोललं की मायला खोकल्याची उबळ यायची, म्हणून आम्ही ठरवलं होतं की फोनवर बोलायचंच नाही. तिनं दर तासाला बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि आकडा बरा असला की मला मिस्ड कॉल द्यायचा. कमी असला तर कट करायचा नाही, मी उचलेपर्यंत वाजू द्यायचा. मला ती सिस्टीम फार हुशारीची वाटली होती!

त्या दिवशी सकाळी मी दाराशी उभा राहून विचारलं, "माय, आज सुट्टी टाकू का वं?"

"काहून? मी का लेकरू हाय?" आतून आवाज आला. "जाय तू. अन् मास्क नाकावर ठेवजो. तुह्या त्या साहेबासारखा हनुवटीले नको लटकवू."

मला हसू आलं. मग ती खोकली, आणि हसू गेलं.

मी डबा भरला. झाकण सैल होतं, म्हणून बाबांनी विणलेल्या एका जुन्या पंच्याच्या तुकड्यात तो गुंडाळला आणि वर गाठ मारली. साधी गाठ, दोनदा फिरवून, जशी कोणीही मारेल तशी. मग आंघोळ उरकली, डबा गाडीच्या हुकाला अडकवला आणि निघालो. केबिनमध्ये पोचल्यावर तो टेबलाखाली ठेवला, माझ्या पायाशी.

सकाळपासून मिस्ड कॉल येत होते. सगळे वेळेवर आणि सगळे कट. तरी मला बसवत नव्हतं. कागदावर ट्रकचा नंबर चुकीचा लिहायचो, खोडायचो. उठून खिडकीशी जायचो, परत बसायचो. एकदा तर ट्रक काट्यावरून उतरून गेला आणि मी वजन लिहायचंच विसरलो. ड्रायव्हर परत आला आणि म्हणाला, "क्या भाऊ, सो गए क्या?" झोप कुठली!

जेवायच्या सुट्टीत डबा वर घेतला. गाठ सोडायला गेलो, तर बोटं थांबली.

ती माझी गाठ नव्हती.

छोटीशी, चपटी, घट्ट बसलेली. विणकराची गाठ. मागावर धागा तुटला की जोडायला मारतात ती... ताण पडला की आणखी आवळते आणि सोडायचं तर कोणतं टोक ओढायचं ते माहीत लागतं. मला ती येत नाही. मला कोणी शिकू दिलीच नाही. मी इकडून ओढली, तिकडून ओढली, ती आणखी बसली.

पहिला विचार साधाच आला — मी आंघोळीला गेलो तेव्हा माय खोलीतून बाहेर आली आणि तिनंच बांधली. मला रागच आला. एवढं बजावूनही! ठरलेलं मोडून मी तिला फोन लावला, रागवायला. खूप वेळ वाजला.

"माय, तू सकाळी बाहेर आली होती ना?"

"ना...ही..."

"मग डबा कोणं बांधला?"

"कोन...ता..." आणि पुढचा शब्द आलाच नाही. नुसता श्वास. तो आवाज मी इथे लिहू शकत नाही.

"आकडा किती आहे? माय, आकडा सांग!"

"तू... काम कर ना... बापा."

मी डबा उचलला आणि बाहेर पळालो. गेटवर शिफ्टचे वानखेडे साहेब उभे. "काट्यावर गाडी उभी हाये अन् तू कुठं चालला गा?"

"माय सिरियस आहे, साहेब."

"आता तर खिडकीतून सांगत होता, मिस्ड कॉल आला, माय बरी हाये म्हणून!"

"तिनं बोलल्यावर कळलं, साहेब. श्वास पुरत नाही तिला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हनुवटीवरचा मास्क नाकावर ओढला. "जाय. काटा मी पाहतो. हेल्मेट घाल पहिले."

घरी पोचलो तेव्हा ऑक्सिजन ऐंशीच्याही खाली होता. सकाळपासून आकडा उतरतच होता आणि माय प्रत्येक वेळी फोन लावून कट करत होती. "तुही नोकरी गेली असती," ती म्हणाली, रिक्षात, माझ्या खांद्यावर डोकं टेकून. दोन ठिकाणी नाही म्हणाले, तिसरीकडे बेड मिळाला. तिथले डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत घरी राहिल्या असत्या तर कठीण होतं.

माय वाचली. नोकरीही राहिली — त्यात वानखेडे साहेबांचा हात आहे, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

डबा मी तसाच गॅलरीत टांगून ठेवला होता. वास येत होता, पण ते कापड कापायची हिंमत झाली नाही. माय घरी आली, जरा बसती झाली, तेव्हा तिच्यासमोर ठेवला.

"कोणं बांधला हा?"

"मीच बांधला होता. पण गाठ..."

"तुले कुठं येते हे गाठ." तिनं उजव्या हातानं टोक ओढलं. सुटली नाही. तिनं भुवया आवळल्या, डबा फिरवून पाहिला, मग डाव्या हातानं दुसरं टोक ओढलं. कापड अलगद उघडलं.

मायनं सुटलेलं टोक बोटांत फिरवून पाहिलं.

"डाव्या हाताची हाय," ती म्हणाली.

बाबा डावखुरे होते.

"पण बाबांचा डब्याशी काय संबंध? माझा शाळेचा डबा तर तू..."

"मी भरे. बांधत ते. रोज मागावरून उठून येत अन् बांधून जात. झाकण सैल हाये, पोराच्या पुस्तकाले तेल लागन म्हणत." तिनं पंच्याचा तुकडा हातानं सपाट केला. "तुले नव्हतं माहीत?"

मला नव्हतं माहीत. शाळेची सगळी वर्षं मी उंबऱ्याशी ठेवलेला डबा उचलून पळालो. तो मायनंच बांधला असेल, असंच धरून चाललो होतो.

लहानपणी गाठ पाहून पाहून माझ्या हातानंच ती मारली असेल का? हेही तपासलं. मी उजव्या हाताचा. मायनं शिकवली तरी मला ती आजही धड जमत नाही, डाव्या हातानं तर नाहीच. घरात तिसरं कोणी नव्हतं आणि केबिनमध्ये मी एकटा. मंडळी, कोणाला यात माझी चूक दिसत असेल तर जरूर सांगा, मी खरंच वाट पाहतोय.

आजही डबा त्याच तुकड्यात नेतो, साधी गाठ मारून. दुपारी सोडायच्या आधी हात जरा थांबतो. सुटली की हायसं वाटतं. आणि थोडं वाईटही.