तुमची पाळी
नातीच्या हातून फासा फरशीवर घरंगळला आणि त्या आवाजासरशी मला करी रोडची आमची खोली आठवली. गिरणीचा संप लांबला होता. भोंगाच वाजत नसल्याने दुपार संपता संपायची नाही आणि बाबा भिंतीला टेकून बसून राहायचे. त्यांचं मन रमावं म्हणून मी एक खेळ काढला. गोष्ट मी सांगायची, त्यातल्या वाट चुकलेल्या गलबताचा तांडेल बाबांनी व्हायचं, आणि तो जगतो की मरतो ते लुडोच्या फाशाने ठरवायचं. एक पडला की मेला. तांडेल राक्षसाच्या गुहेत शिरला तेव्हा मी म्हटलं, "बाबा, तुमची पाळी." तंद्रीतले बाबा ताडकन उठले, त्यांनी खुंटीवरच्या शर्टाला हात घातला आणि तिथेच थांबले. मग त्यांनी वळून विचारलं, "खयची गो? दिवसपाळी काय रातपाळी?" आणि कित्येक महिन्यांनी खो खो हसत सुटले. डोळे पुसतच त्यांनी फासा टाकला. एक पडला. "एक म्हणजे वाचलात!" मी ओरडले. आमच्याकडे आजही एक पडला की माणूस वाचतो. नात विचारते, "असं कसं गं आजी?" मी म्हणते, "आमच्यात तसंच असतं."