तिच्या नवऱ्याला मी नाही म्हटलं नाही

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. बायको होती तोवर विषय निघू दिला नाही. मुलांना तर काहीच माहीत नाही.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या ट्रॉय गावात माझा लहान मुलांचा दवाखाना होता. मराठी घरांतल्या मुलींचे कान मीच टोचायचो, कारण मॉलमधल्या मशिनवर आयांचा विश्वास नव्हता. आमच्या शेजारच्या सुदानी इंजिनिअरनं हे ऐकलं आणि तो मला भेटायला आला. त्याच्या मुलीची त्यांच्या रिवाजाप्रमाणे सुंता करायची होती, म्हणजे तिच्या जननेंद्रियाचा भाग कापायचा होता.

"तुमचा रिवाज तुम्ही स्वच्छ हातांनी करता," तो म्हणाला, "आमचाही करा."

मी म्हटलं, "सुट्टीनंतर बघू." इथले लोक आमच्या चालीरीतींना हसायचे, तेव्हा दुसऱ्यांच्या रिवाजाला आपण नावं ठेवू नयेत, असं मला वाटे. त्यात मोठेपणाही वाटे.

जेवताना बायको म्हणाली, "अहो, डूल नको झाला तर काढून ठेवता येतो. कापलेलं परत कसं लावणार?"

"तू यात पडू नकोस."

पुढच्या आठवड्यात मुलीची आई एकटीच आली. "माझं झालंय, डॉक्टर. तिचं नको. तुम्ही नाही म्हणा, तो तुमचं ऐकेल."

मी म्हणालो, "हा तुमच्या घरातला प्रश्न आहे."

मग ती मुलांच्या संरक्षणाच्या सरकारी कचेरीत गेली. तेव्हा कायद्यात या प्रकाराचं नावही नव्हतं. तरी तिथल्या बाईंनी नवऱ्याला बोलावून स्पष्ट सांगितलं, की रिवाज असो नाहीतर काही, मुलीच्या शरीराला इजा केलेली इथे चालणार नाही. त्यानं बेत सोडला. कुंपणापाशी भेटला तेव्हा मला म्हणाला, "आता माझ्या आईला सांगायला बरं झालं. सरकार करू देत नाही." तोही सुटल्यासारखा दिसत होता. मला तर त्या रात्री गाढ झोप लागली.

पुढे नव्वदच्या दशकात देशभर याला बंदी घालणारा कायदा झाला. बातमी मी दोनदा वाचली. आता कुठल्याही आईला एखाद्या डॉक्टरच्या मर्जीवर थांबायला नको, याचं फार बरं वाटलं.

मुलगी पदवीधर झाली तेव्हा त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. मुलगी मोठ्यानं हसत होती. आईनं माझ्या हातात ताट दिलं. काय बोलायचं ते मी घरून ठरवून गेलो होतो, पण तोंडातून "अभिनंदन" एवढंच निघालं. आता त्या मुलीची आईही नाही. मला म्हणायचं होतं: तुम्ही मदत मागितलीत आणि मी तुम्हाला परत पाठवलं. मला माफ करा.